बेपत्ता युरिया आणि सोळा बश्या

१

शुक्रवारी सकाळी साडेदहा वाजता संस्थेतून एक आजार चोरीला गेला.

तसा तो उंदरांच्या अंगात दिसत होता. सोळा पांढऱ्या उंदरांच्या शेपट्या ओल्या सुतळीसारख्या लोळत होत्या आणि मागचे पाय फरफटत होते. शरीराची राखण करणाऱ्या पेशींची मती फिरली की त्या आपल्याच मज्जातंतूंवरचं वेष्टण ओरबाडायला लागतात आणि आत सूज धरते. माणसांत हे आपोआप होतं, उंदरांत ते सुई टोचून घडवून आणावं लागतं. ते रीतसर घडवून आणलं होतं. फक्त या वेळी रक्तात त्याची खूण नव्हती.

विभागप्रमुखांना सगळे मोठे सर म्हणत. गेली अकरा वर्षं ते जगाला सांगत होते की या आजारात रक्तातला युरिया आणि सोडियम चढतात, आणि त्यांच्या औषधाने ती वाढ निम्म्यावर येते. त्याचा आलेख त्यांनी फ्रेम करून खुर्चीमागे लावला होता. तीन खांब: निरोगी उंदरांचा बुटका, आजारी उंदरांचा उंच, औषध घेतलेल्या आजाऱ्यांचा मधला. पुढच्या महिन्यात हे औषध माणसांना द्यायला सुरुवात व्हायची होती. त्याआधी एक शेवटची तुकडी तपासायची होती, उगीच, नियम आहे म्हणून.

शुक्रवारी यंत्राने कागद बाहेर टाकला. निरोगी आठ उंदरांचा युरिया सरासरी एक्केचाळीस. आजारी आठांचा त्रेचाळीस. औषधवाल्या आठांचा बेचाळीस. एरवी आजाऱ्यांचा अठ्ठ्याहत्तरच्या घरात असायचा.

मोठ्या सरांनी कागदाकडे पाहिलं, मग फ्रेमकडे, मग मुंगीकडे.

"कुणीतरी नळ्या बदलल्यात," ते म्हणाले. "आजाऱ्यांच्या नळ्यांत निरोगी रक्त भरलंय."

मुंगी ही त्यांची संशोधक विद्यार्थिनी. चणीने लहान, आणि सतत स्वतःपेक्षा जड काहीतरी उचलून लगबगीने चाललेली, म्हणून मुंगी. रक्त तिने काढलं होतं, नळ्या तिने भरल्या होत्या, चिठ्ठ्या तिच्या अक्षरात होत्या. शिवाय महिन्यापूर्वी एका लेखावर कुणाचं नाव आधी यावं यावरून ती धाकट्या सरांशी भांडली होती, तेही भर जिन्यात, त्यामुळे कारण शोधायची कुणाला गरज वाटली नाही. सोमवारी अकराला समिती बसेल आणि तिचं नाव संशोधकांच्या यादीतून काढेल, एवढं दुपारच्या डब्यापर्यंत ठरून गेलं. तीन वर्षांचं काम जाणार होतं, आणि 'नळ्या बदलणारी' म्हटल्यावर तिला दुसऱ्या कुठल्या प्रयोगशाळेने दारात उभं केलं नसतं.

संस्थेच्या संचालकांना निर्णय सोसत नसत. एखादा अंगावर आलाच की ते अक्कांना बोलावत. अक्कांनी अडतीस वर्षं एका मोठ्या रुग्णालयातली रक्ततपासणी सांभाळली होती आणि आता निवृत्त होत्या. लोक चेहरे वाचतात तसे त्या रिपोर्ट वाचत. चेहऱ्यांवर त्यांचा फारसा विश्वास नव्हता.

शनिवारी सकाळी त्या आल्या. संचालकांनी अर्धा तास खर्चून सगळं सांगितलं. अक्कांनी ऐकून घेतलं, समोर आलेल्या चहाकडे पाहिलं आणि तपासातला पहिला प्रश्न विचारला.

"याची बशी कुठाय?"

२

"अक्का, आपण उंदरांबद्दल बोलत होतो," संचालक म्हणाले.

"तुम्ही बोलत होतात. मी चहा बशीतून पिते. कपातून जीभ भाजते."

कँटीन चालवणाऱ्या वहिनींना निरोप गेला. बश्यांचा विषय आहे म्हटल्यावर त्या हात पुसत, पण पूर्ण तयारीनेच आल्या.

"बश्या गेल्या. सोळा. मी लेखी तक्रार दिलीय. ती काय, त्या लाल फाइलीत आहे. वर यांनी फुलदाणी ठेवलीय."

संचालकांनी फुलदाणी हलवली नाही.

"एकदम गेल्या?" अक्कांनी विचारलं.

"छे. मागच्या आठवड्यात बुधवारी दोन. गुरुवारी पाच. शुक्रवारी सहा, शनिवारी तीन. मग थांबल्या. आणि चोर बघा कसला, कपाला हात नाही लावला. नुसत्या बश्या घेऊन माणूस करणार काय?"

"संशय कुणावर?"

"सगळ्यांवर. मोठ्या सरांवर जरा कमी. ते स्वतःचा मग आणतात."

अक्कांनी ते चार आकडे कागदी रुमालावर लिहून घेतले आणि रुमाल पर्समध्ये ठेवला. अक्कांचं आता वय झालं, असं संचालकांच्या मनात आलं.

मुंगी प्रयोगशाळेत बसली होती. टेबल इतकं आवरलेलं होतं की ते सोडून जायची तयारी झाल्यासारखं वाटत होतं.

"नळ्या तू बदलल्यास?"

"नाही."

"बदलायच्या असत्या तर कशा बदलल्या असत्यास?"

मुंगीने प्रश्न अपमान म्हणून न घेता गणित म्हणून घेतला. "चोवीस नळ्या आठ निरोगी उंदरांतून भरायच्या म्हणजे एकेकाचं तिप्पट रक्त काढायचं. ते मलूल पडले असते. आठही उड्या मारतायत."

"मोठे सर म्हणतील, बाहेरून दुसरे उंदीर आणलेस."

"म्हणालेत ते. पिशवीतून आणले म्हणे."

"बरं. आता माझ्यापासून काय लपवतेयस ते सांग."

मुंगीने चष्मा काढला, पुसला, घातला. परत काढला. "गुरुवारी सकाळी रक्त काढायला गेले, तेव्हा पिंजऱ्यातल्या भुशात एक ठसा होता. गोल, ओलसर. एवढा." तिने दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जन्या जुळवून दाखवल्या. "मी भुसा हलवून टाकला."

"का?"

"नोंदवलं असतं तर पिंजऱ्यात कुणीतरी हात घातला म्हणून अख्खी तुकडी बाद झाली असती. आणखी चार महिने. मला वाटलं, काय फरक पडतो एका ठशाने."

"एकाच पिंजऱ्यात होता?"

मुंगीने मान खाली घातली. "सोळा पिंजऱ्यांत, अक्का. सगळ्या आजाऱ्यांच्या. निरोगींच्या एकातही नाही."

३

धाकटे सर पंचेचाळीस वर्षांचे होते आणि अजून धाकटेच होते, हेच त्यांचं दुखणं होतं. आधीच्या सगळ्या तुकड्यांचं काम त्यांनी केलं होतं. आलेखातला उंच खांब खरा त्यांचाच. औषध माणसांपर्यंत पोचलं की मोठे सर वर सरकणार आणि ती खुर्ची यांना मिळणार, असा हिशेब शिपायालासुद्धा माहीत होता. नळ्या ठेवायच्या फ्रीजरची दुसरी किल्लीही यांच्याकडेच असे.

"मुलगी हुशार आहे," ते म्हणाले. "तीच तर अडचण आहे. मंद माणसाला नळ्या बदलायचं सुचत नाही."

"तुम्हाला सुचलं असतं?"

"मी कशाला माझाच खांब पाडेन, अक्का?"

हे खरं होतं, आणि अक्कांना ते आवडलं नाही. स्वतःच्या फायद्याची खरी गोष्ट माणूस एवढ्या चटकन बोलला की त्यामागे दुसरी एखादी ठेवलेली असते, असा त्यांचा अनुभव होता.

"औषध उंदरांना देता कसं?"

"साखरेच्या पाण्यात मिसळून. ड्रॉपरने, सकाळ-संध्याकाळ."

"आणि ज्या आजाऱ्यांना औषध नाही, त्यांना?"

"त्यांना काही नाही. म्हणून तर ते बिनऔषधाचे."

"नुसतं साखरेचं पाणीसुद्धा नाही?"

"अक्का, आठ उंदरांची तोंडं दिवसातून दोनदा उघडायची, आणि आत काय टाकायचं, तर काहीच नाही. एवढा वेळ कुणाला आहे?"

अक्कांनी जुनी नोंदवही मागितली. धाकट्या सरांना ती तीन कपाटांत सापडली नाही. मग अक्का म्हणाल्या, त्या बसून वाट पाहतील, त्यांना घरी काही काम नाही. तेव्हा चौथ्या कपाटात सापडली.

वही नेटकी होती. तुकडी, तारीख, युरिया, सोडियम. मध्ये एका ठिकाणी दोन पानं एकमेकांना चिकटलेली होती.

"चहा सांडला होता," धाकटे सर म्हणाले.

अक्कांनी पानांच्या कडेवरून बोट फिरवलं. "चहा चौकोनी सांडला होता वाटतं."

धाकटे सर खिडकीबाहेर पाहू लागले. बाहेर भिंत होती.

अक्का वही काखोटीला मारून थेट कँटीनमध्ये गेल्या आणि वहिनींच्या मोठ्या किटलीच्या तोंडाशी ती धरून उभ्या राहिल्या. वहिनींनी एक शब्द विचारला नाही. बशीच्या प्रकरणात कुणीतरी लक्ष घालतंय एवढं त्यांना पुरेसं होतं. वाफेने डिंक सुटला. पानं हळूहळू उलगडली.

आत उंदरांची वजनं होती. निरोगींची रेघ सपाट. आजाऱ्यांचे पाय गेले त्या दिवसापासून त्यांची वजनं कड्यावरून खाली आल्यासारखी उतरत गेली होती. चार दिवसांत पाचवा हिस्सा. समासात धाकट्या सरांच्या अक्षरात एकच शब्द होता, आणि त्यावर मागाहून चार रेघा मारलेल्या होत्या. अक्कांनी पान उजेडापुढे धरलं.

शब्द होता 'उपाशी', आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह.

४

उंदरांची खोली तळमजल्याच्या टोकाला होती. दारावर पाटी होती: 'पिंजऱ्यात काहीही ठेवू नये, काढू नये, बदलू नये.' खाली मोठ्या सरांची सही.

खोलीचा कारभार मामांकडे होता. सकाळी सहाला दार उघडायचं, रात्री आठला लावायचं, मधल्या वेळात भुसा बदलायचा, खाद्य भरायचं, बाटल्या धुवायच्या. एकवीस वर्षं. एवढ्या काळात त्यांच्या तोंडून तक्रार निघाली नव्हती, कारण ऐकायला तिथे फक्त उंदीर होते.

प्रत्येक उंदराला स्वतंत्र पिंजरा होता. वरच्या जाळीत खाद्याचे कोरडे गोळे, शेजारी उलटी टांगलेली पाण्याची बाटली, तिची नळी तिरकी आत आलेली. अक्का पाहत असताना एक निरोगी उंदीर मागच्या दोन पायांवर उभा राहिला, पुढचे पंजे जाळीला टेकले आणि नळी चाटून गेला. अक्का बराच वेळ तिथेच उभ्या होत्या.

"भुसा या वेळी जास्त लागलेला दिसतो, मामा. पोती संपलीत."

"लागतो कधी कधी. जास्त मुततात."

"आजारी उंदीर?"

"वयाचं असतं हो."

"उंदरांच्या?"

"नाहीतर कुणाच्या?" मामा बाटल्या पुसू लागले. त्या आधीच पुसलेल्या होत्या.

"रविवारी सुट्टी असून येता म्हणे तुम्ही."

"उंदरांना रविवार कळत नाही."

"कोपऱ्यातल्या त्या कपाटात काय आहे?"

"फिनेल."

"फिनेलला कुलूप?"

"माणसं काय पण उचलतात अक्का, आजकाल."

"खरंय. कँटीनच्या बश्यासुद्धा."

मामांचा हात थांबला. मग पुन्हा पुसू लागला, जरा जास्त जोरात. जाता जाता अक्कांचा कोपर कपाटाला लागला. लागला की त्यांनी लावला, हे सांगणं कठीण आहे. आतून बारीक, काचेरी किणकिण झाली आणि थांबली.

"तुमचं फिनेल फार नाजूक आहे, मामा," अक्का म्हणाल्या आणि बाहेर पडल्या.

वर येऊन त्यांनी मुंगीची वही मागितली. कुठल्या दिवशी किती उंदरांचे मागचे पाय गेले, याची नोंद तिने रोज घेतली होती. अक्कांनी पर्समधला कागदी रुमाल काढून वहीशेजारी पसरला.

बुधवारी दोन. गुरुवारी पाच. शुक्रवारी सहा. शनिवारी तीन.

मुंगीने रुमाल वाचला, वही वाचली, परत रुमाल वाचला. "अक्का, हे माझे आकडे तुम्हाला कुणी दिले?"

"हे तुझे नाहीत गं. हे बश्यांचे आहेत." अक्का उठल्या. "मामांचं घर माहीत आहे तुला?"

५

रविवारी दुपारी मामांच्या घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत शिरल्याबरोबर अक्कांना कसंतरीच झालं, आणि कशाने ते कळायला थोडा वेळ लागला. घरातली प्रत्येक गोष्ट खाली होती. दिव्याच्या बटणाला लांब दोरी बांधून ती पलंगापर्यंत आणलेली. डबे जमिनीवर ओळीने. आरसा गुडघ्याएवढ्या उंचीवर. पलंगाला लागून एक बुटकं स्टूल, त्यावर पाण्याचा जग आणि पेला.

पलंगावर मामांची बायको बसली होती. पायांवर चादर होती. मामा घरात नव्हते. उंदरांना रविवार कळत नसल्यामुळे ते कामावर होते.

"तुम्ही त्या रक्तवाल्या अक्का," ती म्हणाली. "कालपासून यांचा घास उतरला नाहीये. बसा. उठून पाणी देता येत नाही मला, तुम्हीच घ्या."

"पाय कधीपासून?"

"चौदा महिने झाले. डॉक्टर म्हणाले, आपलीच माणसं आपल्या वायरी कुरतडतात, तसला आजार. यांना नाव ऐकल्याबरोबर कळलं. म्हणाले, अगं, हाच तर आमच्या उंदरांना."

"हा जग पहिल्यापासून इथेच असतो?"

ती हसली. "कुठलं. आधी कट्ट्यावर असायचा, सगळ्यांच्या घरी असतो तसा. हे सकाळी साडेपाचला जायचे ते रात्री साडेआठला यायचे. दिवसभर मी जगाकडे बघायची आणि जग माझ्याकडे. शेजारणीला किती वेळा हाक मारणार? आणि प्यायलं की पुन्हा दुसरी अडचण, ती कुणाला सांगणार? मग म्हटलं नकोच. यांना मी काही बोलले नव्हते."

"मग कळलं कसं?"

"रक्त तपासलं ना." तिने उशीखालून प्लास्टिकची पिशवी काढली. "बघा, तुमचा विषय आहे."

दोन रिपोर्ट होते, सहा आठवड्यांच्या अंतराने. पहिल्यात युरिया चढलेला, सोडियम चढलेलं. दुसऱ्यात दोन्ही जागेवर. अक्कांचं बोट मग खाली, आणखी एका ओळीवर गेलं आणि तिथेच थांबलं.

"दुसरा आला तेव्हा डॉक्टर खूश झाले," ती म्हणाली. "म्हणे रक्त सुधारलं, आजार निवळतोय. मी म्हटलं, डॉक्टर, पाय तर तसेच आहेत, मग निवळलं काय? मधल्या काळात दुसरं काहीच केलं नव्हतं आम्ही. फक्त यांनी एक दिवस स्टूल आणलं."

दारात सावली पडली. मामा उभे होते.

"उद्या माझं नाव घेणार, अक्का?"

"नाव घेतल्याशिवाय मुंगी सुटत नाही, मामा."

"मग नोकरी जाईल. हिचं औषध संस्थेच्या कार्डावर मिळतं."

अक्कांनी दोन्ही रिपोर्ट पिशवीत घालून परत दिले. या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच तपासणीत येत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

"अकराला समिती आहे," त्या म्हणाल्या. "मी सुरुवात करीन. बाकी तुम्ही ठरवा."

६

समितीत पाच जण होते. त्यातले दोघे कशासाठी बसलेत हे शेवटपर्यंत कळलं नाही. मुंगीला भिंतीला लागून खुर्ची दिली होती. मोठ्या सरांपुढे तिचं नाव काढण्याचा कागद टाइप होऊन तयार होता, फक्त सही राहिली होती.

"सही करायच्या आधी एक आकडा वाचा," अक्का म्हणाल्या. "यंत्र अकरा रकाने छापतं. तुम्ही दोनच बघता. नववा रकाना वाचा."

"अल्ब्युमिन," मोठे सर म्हणाले. "त्याचं काय? आमच्या आजारात अल्ब्युमिन बदलत नाही. अकरा वर्षं बदललेलं नाही."

"या वेळचं वाचा."

मोठ्या सरांनी चष्मा वर केला. "निरोगी, तीन पूर्णांक नऊ. आजारी..." ते थांबले. "तीन पूर्णांक एक."

"सोळाही उंदरांत उतरलंय. अंगात सूज असली की यकृत दुसऱ्या कामाला लागतं आणि अल्ब्युमिन हे प्रथिन करायचं सोडून देतं. नळ्यांत निरोगी रक्त असतं, तर हा आकडा निरोगी आला असता. पिशवीतून आणलेल्या उंदरांचासुद्धा. म्हणजे रक्त आजारी उंदरांचंच आहे. नळ्या कुणीही बदललेल्या नाहीत."

मुंगीने श्वास सोडला. तो खोलीत सगळ्यांना ऐकू गेला.

"मग अकरा वर्षं ते का उतरलं नाही?" मोठे सर म्हणाले.

"उतरत होतं. तुम्हाला दिसत नव्हतं. आमटी आटली की मीठ जास्त लागतं, सर. अंगातलं पाणी कमी झालं की रक्त आटतं आणि त्यातली प्रत्येक गोष्ट जास्त दिसते. युरिया जास्त, सोडियम जास्त. आणि जे खरोखर कमी झालंय, ते बरोबर दिसतं. तुमच्या उंच खांबाचं नाव आजार नाही. तहान आहे."

कुणीतरी खुर्ची सरकवली.

"बाटलीची नळी उंचावर असते. ती चाटायला उंदराला मागच्या पायांवर उभं राहावं लागतं. ज्याचे पाय गेले, त्याचं पाणी गेलं, खाद्यही गेलं. म्हणून चार दिवसांत वजन पाचव्या हिश्शाने उतरतं. हे एका माणसाच्या लक्षात आलं होतं. त्याने ते लिहिलं, खोडलं आणि वर डिंक लावला."

धाकटे सर टेबलाकडे पाहत म्हणाले, "कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं."

"आणि औषध?" मोठ्या सरांचा आवाज बारीक झाला होता.

"साखरेच्या पाण्यातून दिवसातून दोनदा. ज्यांना औषध नाही, त्यांना कोरडं. तुमचा मधला खांब म्हणजे थोडंसं पाणी प्यायलेले उंदीर."

मग मोठ्या सरांनी तो प्रश्न विचारला, ज्याची अक्का वाट पाहत होत्या आणि जो येऊ नये असंही त्यांना वाटत होतं.

"मग या वेळी पाणी पाजलं कुणी? नियम आहे. पिंजऱ्यात कुणी हात घातला?"

अक्कांचे डोळे दाराकडे गेले. मुंगीने त्यांच्याकडे पाहिलं. घड्याळात अकरा बावीस झाले होते.

जिन्यावरून किणकिण ऐकू आली.

७

मामा ट्रे घेऊन आले. ट्रेवर सोळा बश्या होत्या, चारच्या चार थप्प्या, घासून लख्ख केलेल्या. त्यांनी ट्रे मोठ्या सरांपुढे, त्या टाइप केलेल्या कागदावरच ठेवला.

"मी ठेवत होतो. मुंगीताई घरी गेल्या की. पाण्यात खाद्य भिजवून. सकाळी त्या यायच्या आत काढायचो. त्यांना काही ठाऊक नव्हतं."

"दारावरचा नियम वाचला नाहीत?" संचालकांनी विचारलं. काहीतरी विचारायला हवं होतं.

"पाटीचा खिळा मीच ठोकलाय, साहेब."

"मग?"

मामांनी शब्द शोधले. "ते नळीखाली येऊन पडायचे आणि वर बघत राहायचे. एकवीस वर्षं बघतोय मी. मला वाटायचं, आजारच तसा आहे. मग घरी हीसुद्धा तशीच जगाकडे बघत होती, ते कळलं." त्यांनी खिशातून प्लास्टिकची पिशवी काढून ट्रेशेजारी ठेवली. "हिचं रक्त आहे. स्टुलाच्या आधीचं आणि स्टुलाच्या नंतरचं. त्यानंतर मला पिंजऱ्याकडे बघवेना."

मोठ्या सरांनी दोन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले. बोट युरियावर गेलं, सोडियमवर गेलं, मग स्वतःहून खाली सरकलं. पहिल्या रिपोर्टात अल्ब्युमिन ठीक होतं. दुसऱ्यात उतरलेलं होतं. पाणी मिळाल्यावर.

त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. आता ते मामांना हाकलणार, असं सगळ्यांना वाटलं, आणि त्यांनाही काही क्षण तसंच वाटत असावं. पण मोठे सर मोठे होण्याच्या आधी संशोधक होते, आणि ते दुखणं पूर्ण जात नाही.

"मुंगी," ते म्हणाले, "सोळाही उंदरांत उतरलंय? एकही अपवाद नाही?"

"एकही नाही, सर."

"आणि जुन्या तुकड्यांची नळ्यांतली शिल्लक फ्रीजरमध्ये आहे?"

"आहे, सर."

"मग इथे काय बसलीयस?"

मुंगी उठली. दारात थबकली. "सर, ते नाव काढायचं..."

मोठ्या सरांनी बश्यांखालून कागद ओढला, दोनदा दुमडला आणि खिशात घातला. "माणसांवरचं औषध थांबवा," ते संचालकांना म्हणाले. "मी लिहून देतो." मग मामांकडे न बघता म्हणाले, "पाटी काढा ती. खिळा राहू द्या. मुंगी नवीन नियम लिहून देईल: आजारी उंदरांना पाणी जमिनीवर. कुणी सांगितलं त्याचं नाव घालून."

संचालक म्हणाले की या सगळ्या प्रकाराच्या चौकशीसाठी एक समिती नेमायला हवी. अक्का म्हणाल्या, ही समितीच आहे.

बश्यांचं काय करायचं हा प्रश्न मात्र आठवडाभर चालला. उंदरांनी चाटलेल्या बश्या परत घ्यायला वहिनींनी साफ नकार दिला. शेवटी त्या प्रयोगशाळेच्या नोंदवहीत चढल्या: 'उपकरणे, चिनी मातीची, सोळा.' नव्या बश्यांचा मागणी अर्ज लाल फाइलीत गेला. वर फुलदाणी होतीच.

त्यानंतरच्या शनिवारी अक्का सहज म्हणून आल्या. उंदरांच्या खोलीबाहेरच्या बाकावर वहिनींनी चहा पाठवला. नुसता कप. अक्कांनी एक घोट घेतला आणि जीभ भाजली.

मामा आत गेले आणि एक बशी घेऊन आले. "धुतलेली आहे. दोनदा."

अक्कांनी बशी उलटी करून पाहिली. खाली मुंगीच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवलेली होती: 'उंदीर क्रमांक नऊ.' अडतीस वर्षं इतरांचं रक्त हाताळलेल्या बाईला उंदराच्या उष्ट्याचं काय. त्यांनी चहा ओतला.

"नऊ नंबर कसा आहे?"

"शेपटी उचलतो आता."

"आणि घरी?"

मामा बाकाच्या दुसऱ्या टोकाला टेकले. "पाय तसेच आहेत. पण पाणी मागावं लागत नाही."

अक्कांनी फुंकर घातली आणि बशी ओठाला लावली.